दोन खोल्यांमधली टिंगी

३ तारीख, सोमवार

ही वही मी टिंगीच्या शाळेविरुद्ध पुरावा म्हणून सुरू करते आहे. तारीखवार लिहायचं, काही सोडायचं नाही, आणि महिनाअखेरीस मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन आपटायची. मग बघू कोण कोणाला सुनावतं ते.

आज तिसरा आठवडा सुरू झाला. बालवर्गातली बाकीची एकोणीस पोरं रडून रडून थांबली. आमची अजून फाटकाचा गज सोडत नाही. सव्वाचार वर्षांचं एवढंसं कार्टं, पण बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आणि तोंडाने एकच, "मला घरी जायचंय, मला घरी काम आहे." आजूबाजूच्या आया हसतात. हसा! तुमचं काय जातंय!

वर्गाच्या बाई फार तर चोवीस वर्षांच्या असतील. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हल्ली घरी काही बदल झालाय का?" तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "झालाय ना. मुलगी तुमच्या शाळेत यायला लागली."

घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

४ तारीख, मंगळवार

घरातलं या वहीत लिहायचं नव्हतं. पण उद्या कोणी विचारलं तर आपली बाजू स्वच्छ असावी, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमच्या घरी भांडण नाही. एक भांडं आपटत नाही की कोणाचा आवाज चढत नाही. शेजारच्या काकूंकडे रोज सकाळी नवरा-बायकोची अशी जुंपते की भिंतीवरचं घड्याळ हलतं, आणि त्यांची दोन्ही पोरं उड्या मारत शाळेत जातात. मग आमच्याच पोरीला काय धाड भरलीय? दोष शाळेचाच ना?

आता आम्हा नवरा-बायकोत अबोला आहे, तो आहे. सत्तर दिवस झाले. नणंदेकडे जेवायला गेलो होतो. आठ-दहा माणसं बसलेली. मी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते, सगळ्यांना माहीत आहे. हे गृहस्थ भरल्या ताटावर म्हणाले, "हिला पोटच्या पोरीपेक्षा परक्यांच्या दातांची काळजी जास्त." सगळे खो खो हसले. नणंदेला तर ठसका लागला. मी परत येताना रस्ताभर बोलले नाही. वाटलं, दारापर्यंत तरी चुकलो म्हणेल. तर दारात किल्ली फिरवता फिरवता म्हणतो, "एवढं काय त्यात? बोलायचं नसेल तर नको बोलूस."

बरं. नाही बोलत.

पण त्याची झळ टिंगीला लागू दिलेली नाही. दोघंही तिच्याशी नीट बोलतो. तो बाहेरच्या खोलीत बसतो, मी स्वयंपाकघरात. काही लागलंच तर टिंगी आहे. "टिंगे, आईला विचार माझा पाना कुठे ठेवलाय." "सांग त्यांना, जिथे टाकला तिथेच असेल." ती आपली टुणटुण जाते आणि टुणटुण येते. तिला तो खेळच वाटतो.

६ तारीख, गुरुवार

सकाळी हा माणूस चुरगळलेला शर्ट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. तोंडाने बोलायचं नाही, नुसता शर्ट पुढे! मी काल टिंगीजवळ अगदी स्पष्ट निरोप दिला होता, "सांग त्यांना, तुमच्या शर्टांना इस्त्री करायला मी रिकामी बसलेली नाही." तरी हा आशेने उभा. निर्लज्जपणाला काही सीमा? मी पाठ फिरवली. दुपारी तोच शर्ट घालून कामावर गेला. लिफ्ट दुरुस्त करायला जाणाऱ्याकडे कोण बघतंय म्हणा.

शाळेत आज पुन्हा तेच. बाई म्हणतात, ती खेळत नाही, दाराजवळ उभी राहते आणि सारखी विचारते, किती वाजले. शाळा आठ ते बारा. मी साडेबाराला लॅबला निघते, हा एक वाजता कामावर जातो. बारा वाजता मी तिला घेऊन काकूंकडे सोडते. तिथे एकदम खूश! काकूंकडे रडत नाही म्हणजे मूल ठीक आहे आणि शाळा बिघडलेली आहे. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

७ तारीख, शुक्रवार

संध्याकाळी लॅबमधून आले. टिंगी बाहेरच्या खोलीतून आली आणि म्हणाली, "बाबा म्हणाले, तू दमली असशील ना."

आता लाडीगोडी लावतोय! त्र्याहत्तर दिवसांनी सुचलं! म्हटलं, "सांग त्यांना, एवढी कणव येत असेल तर भांडी घासा." ती गेली. बराच वेळ आली नाही. डोकावून बघितलं तर दोन खोल्यांच्या मधल्या जागेत, चपलांच्या शेल्फाजवळ एकटीच उभी होती. मला बघून आत पळाली. भांडी अर्थातच कोणी घासली नाहीत.

१० तारीख, सोमवार

आज कमाल झाली. बाई मला कौतुकाने सांगतात, "दोन मुली ठोकळ्यांवरून भांडल्या, एकमेकींशी कट्टी केली. तुमची टिंगी इकडून तिकडे जाऊन दोघींचं एकमेकींना सांगत होती. आणि गंमत म्हणजे, पहिली म्हणाली 'ती घाणेरडी आहे', तर टिंगीने दुसरीला सांगितलं, 'ती म्हणते, ये खेळायला.' तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती कशात तरी रमली."

रमली म्हणे! इतरांच्या पोरी खेळणार आणि माझी त्यांचे निरोप पोचवणार! म्हटलं, "बाई, मी मुलीला शिकायला पाठवते, शिपायाचं काम करायला नाही."

बाई म्हणाल्या, "हे ती कुठे शिकली असेल?" मी म्हटलं, "तुमच्याच वर्गात. अजून कुठे?"

लॅबमध्येही डोक्यात तेच. एका आजोबांच्या वरच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. कवळी अजून मेणातच होती, म्हणून सुळा काढून पुन्हा बसवता आला. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी पाहिलं. बारा वर्षांत पहिली चूक. म्हणाल्या, "कोणावर एवढा दात धरलायस गं?" मला हसू आलं आणि लगेच रडूही. ताईंना सगळं सांगितलं, शाळेचं. घरचं सांगितलं नाही. त्याचा काय संबंध!

१३ तारीख, गुरुवार

मोठा पुरावा सापडला, पण शाळेविरुद्ध नाही. त्याच्याविरुद्ध.

काल आणि आज हा दुसऱ्या गावी कामाला गेला होता. एका इस्पितळाच्या लिफ्टचा दोर बदलायचा होता. आणि काय आश्चर्य! काल टिंगी फाटकाशी जराशी थांबली आणि आत गेली. आज तर वळूनही पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, वाळूत घर केलं, गाणं म्हटलं, डबा संपवला. दोन दिवस बाप घरात नाही तर पोरगी मोकळी! म्हणजे हिच्या मानेवर बसलेलं भूत कोण? मी उगाच त्या बिचाऱ्या बाईंवर डाफरत होते.

मला आतून एवढा संताप आला की कधी एकदा तो येतो असं झालं.

१४ तारीख, शुक्रवार

आला. बॅग टाकली, खुर्चीत बसला. मी टिंगीला जवळ बोलावून तिचे खांदे धरून सांगितलं, "जा, सांग तुझ्या बाबांना, तुम्ही घरात नसलात की पोरगी सुखात असते."

टिंगी हलेना. म्हटलं, "जा ना!" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग गेली. मी कान देऊन ऐकत होते, पण कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. चेहरा असा की जणू काही चांगलं ऐकलंय. माझ्यासाठी दुसऱ्या गावाहून आणलेला साबणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि गेला. एवढं तोंडावर मारलं तरी ढिम्म! गेंड्याची कातडी आहे या माणसाची.

डबा मी उघडला नाही.

टिंगी जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

१७ तारीख, सोमवार

फाटकाशी आज कहर. जमिनीवर लोळली, ओकली, माझ्या साडीचा पदर फाडला. मागचे दोन दिवस पोट दुखणं चालूच होतं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काही नाही म्हणाले.

मोठ्या बाईंनी आत बोलावलं. आवाज गोड, शब्द सुरीसारखे. "महिनाअखेरपर्यंत रुळली नाही तर यंदा काढून घ्या. पुढच्या वर्षी आणा. मुलीचेच हाल होतायत." शुक्रवारी आईबाप दोघांनी येऊन भेटायचं.

वर्ष वाया! आणि नणंदेच्या घरच्या पुढच्या जेवणाला विषय तयार. 'परक्यांचे दात बसवता बसवता हिला पोरगी शाळेत बसवता आली नाही.' तो म्हणेल आणि सगळे हसतील, ठसका लागेपर्यंत.

टिंगीवर ओरडले. खूप ओरडले. "तुला घरी असं कोणतं काम आहे गं? कोणतं?" ती म्हणाली, "तुझं आणि बाबांचं." म्हटलं, "आमचं आम्ही बघू. तू तुझं बघ." तर म्हणते, "तुम्हाला नाही येत."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. लिहिताना हात जड झालाय, पण काही सोडायचं नाही असं ठरलं आहे.

१८ तारीख, मंगळवार

"तुम्हाला नाही येत." काल रात्रभर हेच कानात.

काय येत नाही?

२१ तारीख, शुक्रवार

आज शाळेत जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वर्गाच्या बाईंनी आम्हाला बालवर्गातल्याच छोट्या खुर्च्यांवर बसवलं. तो आणि मी शेजारी शेजारी, गुडघे हनुवटीला. मोठ्या बाई समोर, मोठ्या खुर्चीत. वर्ग सुटलेला. टिंगी कोपऱ्यात वाळूच्या तसराळ्यात वाटीने ढीग करत होती, तोंडात काहीतरी गुणगुणत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून दोघांपैकी एकाने तासभर वर्गात येऊन बसा. कोणाला जमेल?"

मी वळून हाक मारली, "टिंगे, विचार त्यांना, सोमवारी जमेल का."

सवयीने गेलं तोंडातून. कसलाच विचार न करता.

टिंगीने हातातली वाटी टाकली. सगळी वाळू फरशीवर. गुणगुणणं बंद. धावत येऊन आमच्या दोन खुर्च्यांच्या पुढे, मधोमध उभी राहिली, हात ताठ, पाय जुळवलेले. तिकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, सोमवारी जमेल का?" तो म्हणाला, "सांग, जमेल." तिने इकडे तोंड केलं, "जमेल म्हणाले."

आमचे खांदे एकमेकांना लागत होते.

वर्गाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने माझं डोकं अजूनच फिरलं. मला कोणाची कीव नको! म्हटलं, आता या बयेला दाखवतेच की आम्ही कसे सरळ बोलू शकतो. मी त्याच्याकडे वळले. एक्याऐंशी... नाही, सत्त्याऐंशी दिवसांनी. म्हटलं, "तुम्हाला गेल्या शुक्रवारी निरोप दिला तेव्हा..."

पुढे बोलता आलं नाही. टिंगीने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. वाळूने भरलेले हात, दातांत कचकच. "तू नको बोलू! मी सांगते. मी नीट सांगते!"

तो म्हणाला, "कुठला निरोप? लवकर घरी येत जा म्हणालीस तो?"

मी टिंगीचे हात बाजूला केले. "मी? लवकर येत जा? मी असं काहीही म्हटलेलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. टिंगीचाही. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढ्या हळू आवाजात म्हणाली की मोठ्या बाईंना पुढे वाकावं लागलं, "तुझं सांगितलं असतं तर बाबा पुन्हा घरी आलेच नसते ना."

२२ तारीख, शनिवार

सकाळी टिंगीला काकूंकडे सोडलं. दार लावलं आणि भांडलो.

काय भांडलो! काकूंचं घड्याळ पडलं असेल. मी नणंदेकडचं सगळं काढलं. तो म्हणाला, मी तीन वेळा 'चुकलो' असा निरोप पाठवला. मी म्हटलं, खोटं, मला एकदाही नाही मिळाला. तो 'चुकलो' असं पाठवत नव्हताच. तो पाठवत होता, 'सांग तिला, माझी काही चूक नाही, तिने आधी बोलावं.' हे त्याने शेवटी कबूल केलं. टिंगीने मला काय सांगितलं होतं? 'बाबा म्हणाले, तू दमली असशील ना.'

आणि मी दिलेले? इस्त्रीच्या निरोपाचं तिकडे पोचेपर्यंत झालं होतं, 'आई सकाळी करते म्हणाली.' भांड्यांच्या निरोपाचं झालं, 'आई म्हणाली, बसा.' एकेक करून आम्ही मोजायला लागलो. मी काय म्हटलं, त्याला काय मिळालं. त्याने काय म्हटलं, मला काय मिळालं. दहा झाले, बारा झाले. एकही निरोप जसाच्या तसा पोचला नव्हता. सव्वाचार वर्षांच्या पोरीने सत्त्याऐंशी दिवस आमची घाण स्वतःच्या पोटात ठेवली आणि चपलांच्या शेल्फाजवळ उभं राहून आमच्यासाठी बरे शब्द शोधले. आणि रोज आठ ते बारा, ती शाळेत असताना आम्ही दोघं घरात एकटे. तिला भीती, आज मधे कोणी नाही, आज हे खरंच बोलतील.

पोट दुखत होतं म्हणे. दुखणार नाही तर काय!

त्याच्यावर राग आहेच. तो जाणार नाही एवढ्यात. पण मी इतके दिवस शाळेवर, बाईंवर, बापावर ज्या तोंडाने बोंबलले, त्या तोंडाची मला लाज वाटते. मी म्हटलं होतं, त्याची झळ टिंगीला लागू दिली नाही. या वहीतच लिहिलंय, चौथ्या तारखेला. पान फाडावंसं वाटलं. फाडणार नाही.

दुपारी तो म्हणाला, "ते दातांचं मी सगळ्यांसमोर बोललो, ते वाईट होतं." स्वतःच्या तोंडाने. मी म्हटलं, "होतंच." मग तो भांडी घासायला उठला.

संध्याकाळी टिंगी आली तेव्हा आम्ही दोघं एकाच खोलीत बसलो होतो. ती दारातच थांबली. तो मला म्हणाला, "चहा टाकतेस?" मी म्हटलं, "तुम्ही टाका." टिंगीचं तोंड पांढरं पडलं. ती पटकन मधे आली, "बाबा, आई म्हणते..."

मी म्हटलं, "त्यांना ऐकू आलं गं, टिंगे."

ती मधेच उभी राहिली. काय करावं ते तिला कळेना. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती मुळीच खूश झाली नाही. रडायला लागली, रागाने, पाय आपटत, आणि कोणाच्याच जवळ येईना. आम्ही दोघांनी बोलावलं, ती दोघांच्याही अंगावर ओरडली. बरोबर आहे तिचं. आम्हाला कोणीतरी ओरडायलाच हवं होतं.

२४ तारीख, सोमवार

फाटक. गज. तीच बोटं.

तो माझ्या शेजारी उभा होता. आज तासभर वर्गात तोच बसणार होता. पण टिंगी म्हणाली, "बाबांनी आत नाही यायचं. बाबांनी घरी जायचं. आईने पण. मी पण."

मी खाली बसले. म्हटलं, "का गं?"

ती बराच वेळ गजाचा रंग नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "मी आत गेले आणि तुला बाबांना काही सांगायचं असलं तर?"

"मी सांगेन."

"तू ओरडशील."

खोटं बोलावंसं वाटलं. नाही ओरडणार, म्हणावंसं वाटलं. इतके दिवस घरात सगळ्यांचं खोटं एकट्या या पोरीने बोलून झालं होतं. म्हटलं, "ओरडेन. पण मीच ओरडेन."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी पण."

"आणि मग?"

"मग चहा टाकेन," तो म्हणाला.

टिंगीने विचार केला. आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत, कोणाचं कितपत खरं आहे ते तपासत. मग स्वतःच गज सोडला. एक हात सोडला, मग दुसरा. हात फ्रॉकला पुसले आणि आत गेली. वर्गाच्या दाराशी थांबली, वळली, आणि तिथून अख्ख्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "आता बोला!"

आम्ही तिथेच फाटकाशी उभं राहून बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. ती आत जाईपर्यंत काहीतरी बोलत राहिलो.